वाऱ्यानं काय खाल्लं होतं

सीमेवरच्या पोस्टवरून,
१५ नोव्हेंबर २०२३

पल्लवी,

तुझं दिवाळीचं पत्र काल राशनच्या पोत्यांबरोबर वर आलं. रात्रभर उशाशी होतं, सकाळी पुन्हा वाचलं. इथं मोबाईल म्हणजे नुसता फोटो बघायचा डबा. खाली एक फोन आहे, त्याला ही रांग, आणि नंबर लागला तरी ‘हॅलो, ऐकू येतंय का’ म्हणण्यातच आपली वेळ संपते. त्यापेक्षा कागद बरा. कागदावर तुझा आवाज तुटत नाही.

तुझ्या भावानं, विश्वजितनं, दसऱ्याला तासगावहून बेदाण्याची पेटी आणली आणि आईला साखर असल्यानं ती तशीच पडून आहे, असं तू लिहिलंस. पडू देऊ नको. तू खा, आणि आईला सांग, रोज मूठभर वाऱ्याला घाल म्हणावं. थंडीत अंग धरेल त्याचं. गेल्या सुट्टीत बरगड्या मोजता येत होत्या. आमच्याकडं असली कुत्री हाडकुळीच असतात, पळायला तशीच लागतात, हे मला कळतं. तरी जीव राहत नाही. इथं आम्हाला बेदाणे-बदाम ताकदीसाठीच देतात. माणसाला चालतं ते जनावराला का चालू नये.

आईच्या चहासाठी कॅन्टीनमधून बिनसाखरेची पावडर घेतली होती, ती सुट्टीवर चाललेल्या पोराबरोबर पाठवली आहे. मिळाली का ते लिही.

सामाईक विहिरीचं काय झालं? यंदा पाऊस नाही, आप्पासोकाका पाण्याच्या पाळीवरून कुरकुर करणारच. सख्खा चुलता असला तरी पाण्यापुढं नातं दिसत नाही त्याला. वाऱ्याला त्याच्या डाळिंबात जाऊ देऊ नको. मे महिन्यात म्हणाला होता ना, ‘ह्या कुत्र्याचा एकदा बंदोबस्त करतो.’ ते माझ्या डोक्यातून जात नाही.

रात्री इथं वारा सुटला की तंबूचं कापड फडफडतं आणि मला वाटतं वाऱ्याच दाराला पाय लावतोय. काय करणार. लवकर लिही.

तुझा,
धनाजी

•

मळा, आटपाडी,
१० डिसेंबर २०२३

अहो,

आधीच सांगते, आई बऱ्या आहेत, मी बरी आहे. वाऱ्या आजारी आहे.

आठवडा होत आला. सकाळी भाकरी टाकली तर वास घेऊन मागं सरकला. मग उलटी झाली. मला वाटलं उंदीर-बिंदीर खाल्ला असेल. दुपारी मागचे पाय थरथरायला लागले. नाव घेतलं की शेपटी हलवायचा, पण उठायचा नाही. पाण्याच्या घमेल्यात तोंड घालून तसाच उभा राहायचा, जणू पाणी कसं प्यायचं ते विसरलाय. दुसऱ्या दिवसापासून लघवीच होईना. आटपाडीच्या डॉक्टरांनी सुई दिली आणि म्हणाले, इथं काही व्हायचं नाही, सांगलीला न्या.

गाडी मिळाली. सांगलीत रक्त तपासलं. मूत्रपिंडं काम करत नाहीत म्हणाले. सलाईन लावलंय. पहिली रात्र मी तिथंच थांबले, मग घरी आले. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, पोटात काहीतरी गेलंय.

ते ‘काहीतरी’ मी आईंना सांगायला नको होतं. त्या तशाच उठल्या आणि बांधावर जाऊन उभ्या राहिल्या. आप्पासोकाका डाळिंबात काम करत होते. आई मोठ्यानं म्हणाल्या, “माझ्या मुक्या जनावराला ज्यानं घातलं, त्याचं वाटोळं हुईल. ध्यानात ठेव भावजी.” काकांनी मान वर केली. काही बोलले नाहीत. पुन्हा खाली बघून काम करायला लागले. आईंचं म्हणणं, बोलला न्हाई म्हणजे त्यानंच केलंय.

आता हे गावभर झालंय. चक्कीवर दळण ठेवायला गेले तर बायका त्याच गोष्टीत होत्या. आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं फिरलेली. कुत्र्याला विष घातलं म्हणजे घरच्याला घातलं, असंच धरतात. काका दुपारी देवळाच्या पारावर बसायला यायचे, तेही दिसत नाहीत.

मला लिहायला सुचत नाही. उद्या पुन्हा सांगलीला जायचं आहे. पोस्ट बंद व्हायच्या आत हे टाकते. सविस्तर पुढच्या पत्रात लिहीन. तुम्ही तिकडं डोक्यात काही घेऊ नका.

पावडर मिळाली.

पल्लवी

•

पोस्टवरून,
२६ डिसेंबर २०२३

पल्लवी,

डोक्यात घेऊ नका म्हणतेस. मग कुठं घेऊ?

पत्र वाचलं आणि ड्युटीवर गेलो. समोर बर्फ, मागं बर्फ. मला सगळीकडं वाऱ्याच दिसत होता, घमेल्यात तोंड घातलेला. फोनची लाईन बर्फानं तुटलीय, कवा जोडतील ते कोणी सांगत नाही. तू पत्र लिहिलंस त्याला पंधरा दिवस होऊन गेले. तो आज आहे का नाही, हेही मला माहीत नाही. हे तुझ्या लक्षात येतं का?

काकानंच केलंय. दुसरं कोण करणार. वाऱ्या त्याच्या बागेत जातो, शेळ्यांना पळवतो, आणि वरून पाळीचं भांडण. माझ्या बापानं त्याला पोरासारखं वाढवलं. बाप गेल्यावर हा माझ्या दारातलं कुत्रं मारतो, आणि मी इथं बसून देशाची राखण करतोय.

त्यांच्या घरातल्या कोणाशीही बोलायचं नाही. त्यांच्याकडचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. पोलिसात अर्ज दे. तुला जमणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून आजच जोतिबालाही वेगळं पत्र टाकलंय. माझा शाळेपासूनचा दोस्त, तो गप्प बसायचा नाही. काकाला कळलं पाहिजे की धनाजी लांब असला तरी त्याचं घर उघडं पडलेलं नाही.

मार्चमध्ये सुट्टी मिळेल असं साहेब म्हणतात. आल्यावर मी बघतो.

वाऱ्या कसा आहे ते एका ओळीत का होईना लिही. दुसरं काही लिहू नको.

धनाजी

•

पोस्टवरून,
६ जानेवारी २०२४

पल्लवी,

तुझं पत्र नाही. खालून राशन आलं, टपालाची पिशवी आली, त्यात तुझं काही नव्हतं. तरी लिहितोय, कारण लिहिल्याशिवाय हात थांबत नाहीत.

राशनबरोबर राजवर्धन नावाचा एक जण वर आलाय. उंब्रजचा. बर्फाखाली माणूस गाडला गेला तर शोधायला कुत्री असतात, त्यातलं एक त्याच्याकडं आहे. लॅब्राडोर कुत्री, तिचं नाव राणी. आपल्या भागातला माणूस भेटला म्हणून मी त्याला सगळं सांगत सुटलो. चुलता कसा, विहीर कशी, सगळं. तो राणीच्या पंजातला बर्फ काढत होता. ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “गड्या, खाल्लं काय हुतं त्यानं?”

मी म्हणालो, विष.

तो म्हणाला, “ते झालं रं. पर त्याच्या आधी घरात काय काय घालत हुता?”

भाकरी, ताक, मी म्हणालो. मग सहज म्हणून बेदाणे सांगितले. त्याचा हात थांबला. किती दिवस, त्यानं विचारलं. माझ्या पत्रावरून चालू केले असतील तर आठ-एक दिवस, मी म्हणालो. त्यानं राणीचा पंजा खाली सोडला. मग म्हणाला की त्यांच्याकडं कुत्र्याला द्राक्ष नाही, बेदाणा नाही. ट्रेनिंगमध्ये पहिल्यांदा हेच सांगतात. उलट्या होतात, आणि मग मूत्रपिंडं बसतात. किती खाल्ल्यावर होतं याचा काही नेम नाही, एखाद्याला थोडक्यातच भोवतं. कांदा, लसूण, चॉकलेट, तेही नाही. आणि साखरेऐवजी जी पावडर येते, तिच्यातली एक तर फार वाईट. कुत्र्याच्या रक्तातली साखर एकदम पाडते, लिव्हरही जातं. माणसाला काहीच होत नाही, म्हणून घरच्यांना संशयसुद्धा येत नाही.

मी आईसाठी पाठवलेल्या पुडीवर काय लिहिलंय ते बघ. झायलिटॉल लिहिलं असेल तर ती उंच फळीवर ठेव, आणि तिचा लाडू, चहा, काही वाऱ्यापुढं जाऊ देऊ नको. तो असेल तर.

पल्लवी, त्यानं काय खाल्लं होतं? तुला माहीत आहे का? डॉक्टरीणबाईंनी विचारलं असेलच.

आणि काहीही करून जोतिबाला थांबव. मी त्यालाही आज लिहितोय, पण माझं पहिलं पत्र पुढं गेलंय. ते कुठपर्यंत पोचलं असेल याचा हिशेब करत बसतो. खालचा कॅम्प, मग ट्रक, मग विमान, मग पुणे. रोज ते थोडं थोडं आटपाडीकडं सरकतंय आणि मला धरता येत नाही.

धनाजी

•

मळा, आटपाडी,
१८ जानेवारी २०२४

अहो,

तुमची दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. पोस्टमननं दोन पाकिटं हातात दिली तेव्हा मी बागेतून येत होते. आपल्या नाही, काकांच्या. जोतिबाभावजींना तुमचं पत्र आधीच मिळालं होतं. ते आटपाडी गावात राहतात, त्यांच्याकडं टपाल लवकर पोचतं.

संक्रांतीच्या दिवशी ते आणि त्यांचे दोन मित्र मोटारसायकलवर आले. मला काही विचारलं नाही. सरळ काकांच्या डाळिंबात गेले आणि ठिबकच्या नळ्या कोयत्यानं तोडल्या. एका ओळीच्या नाही, सगळ्या बागेच्या. काका पळत आले. वयानं त्यांना पळवत नाही, तरी आले. जोतिबाभावजी ओरडून म्हणाले, “हे कुत्र्याचं. धनाजीचं अजून बाकी हाय.” काका तिथंच ओल्या मातीत खाली बसले. झाडांवर फळं आहेत, वर हा असला दुष्काळ.

आता जे आधी लिहायला हवं होतं ते लिहिते.

वाऱ्याला सांगलीला नेलं ते काकांच्या पिकअपमधून. दुसरी गाडी नव्हतीच. मी त्याला गोणपाटावर घेऊन रस्त्यावर उभी होते, दोन टेम्पो गेले, कुत्रं बघून कोणी थांबलं नाही. काका डाळिंबाचे क्रेट घेऊन मार्केटला निघाले होते. त्यांनी क्रेट उतरवून बांधाला लावले आणि म्हणाले, “चढ पोरी. डोकं मांडीवर घे त्याचं, गाडी आदळती.” विट्याला वळलो. मग म्हणाले, “लय गुणाचं कुत्रं हाय. माज्या शेळ्या पळवतं, पर एकीला दात लावला न्हाई कवा.” तुम्हाला हे लिहिलं तर आवडणार नाही असं वाटलं, म्हणून ‘गाडी मिळाली’ एवढंच लिहिलं.

डॉक्टर मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, काय खाल्लं. राजवर्धनभावजींनी तुम्हाला विचारलं तसंच. कांदा, चॉकलेट, गोड पावडर, एकेक नाव घेत होत्या. बेदाणे म्हटल्यावर मी ‘हो’ म्हणाले. उलटीतही ते निघाले होते, फुगलेले, आणि मी बघूनही मला कळलं नव्हतं. विषाचं काहीच सापडलं नाही, असं मॅडमनी सरळ सांगितलं.

मग तुम्हाला काय लिहू? ‘तुम्ही सांगितलंत आणि आईंनी घातलं,’ असं? तुम्ही त्या बर्फात, एकटे. मला वाटलं तुम्ही समोर असाल तेव्हा सांगेन. आईंनाही सांगायचा धीर झाला नाही, गाडी कोणाची होती तेही. तुम्ही ‘काहीतरी’चा अर्थ विष असा लावाल हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. आईंनी लावलाच होता की.

नळ्या तुटल्या त्या संध्याकाळी मी आईंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. ऐकल्यावर निवडतच राहिल्या. सूप खाली ठेवून म्हणाल्या, “माज्या हातानं घातलं म्हणायचं.” मी म्हणाले, तुम्हाला कुठं ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, “घातलं तर मीच ना.” तेव्हापासून नीट जेवत नाहीत. काकांकडं जाऊ या म्हटलं की गोधडी तोंडावर ओढून घेतात. बांधावर उभं राहून बोलता आलं, आता तेवढंच अंतर चालवत नाही.

मी गेले होते. काकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मला ठावं हुतं. डॉक्टरीण तुज्याशी बोलत हुती तवा मी दारातच हुतो.” मग बोलला का नाहीत, मी विचारलं. ते म्हणाले, “वयनीचं नाव कसं घिऊ चारचौघांत?”

वाऱ्या आहे. परवा घरी आणलं. आता एक-आड-एक दिवस सलाईनला न्यावं लागणार. काकाच नेतो म्हणालेत. मॅडम बरा होईल असं म्हणत नाहीत. पुडीवर झायलिटॉल लिहिलेलं आहे. आई त्या पावडरीचे लाडू करणार होत्या, एक वाऱ्यालाही देणार होत्या. पुडी मी डब्यात घालून वर ठेवली आहे.

पोलिसात अर्ज दिलेला नाही. देणार नाही.

पल्लवी

•

पोस्टवरून,
५ एप्रिल २०२४

पल्लवी,

सुखरूप पोचलो. वर यायला दोन दिवस जास्त लागले, रस्ता बंद होता.

सुट्टी कशी गेली ते तुला ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण घरात असताना मी कोणाशीच धड बोललो नाही. तूही म्हणालीस, तुम्ही आलात पण आला नाहीत.

फाटकात तू ‘वाऱ्या गेला, आठ दिवस झाले’ म्हणालीस तेव्हा मी ‘बरं’ म्हणालो. साखळी तशीच खुंट्याला होती. वाटेत रेल्वेत मी ठरवून आलो होतो की वाऱ्याला आधी भेटायचं, मग काकाकडं जायचं. आधीचं राहिलं नाही, म्हणून मग नंतरचंही जमेना. एक दिवस घरातच बसलो.

दुसऱ्या दिवशी सांगलीहून ठिबकच्या नळ्यांची बंडलं आणली आणि काकाच्या बागेत टाकली. काका बघत होता. मी जोडायला लागलो. त्यानं पान्हा आणून दिला. सुट्टी संपेपर्यंत आम्ही दोघं रोज ओळीनं नळ्या टाकत होतो. ‘इकडं ओढ’, ‘तिकडं गळतंय’, याच्यापलीकडं बोलणं नाही. शेवटच्या ओळीला त्यानं मला बागेच्या टोकाला लिंबाखाली नेलं. दगड लावलेला होता. म्हणाला, “हितं हाय. ऊन लागत न्हाई.” मी वाकून दगडावर हात ठेवला. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. काका, माझं चुकलं, एवढंच. तोंडापर्यंत आलं होतं. तो म्हणाला, चल, जेवायला बस, आणि पुढं चालायला लागला.

जोतिबाला मी सांगितलंय. तो कोऱ्या तोंडानं म्हणाला, “तूच लिहिलं हुतंस की.” खरं आहे.

पण गावात अजून काकाच कुत्रं मारणारा आहे. मी पारावर दोघा-तिघांना सांगितलं. ते म्हणाले, “चुलता हाय, पदरात घेतोयस, चांगलं हाय.” कोणी ऐकायलाच तयार नाही. म्हणून सोबत एक कागद जोडलाय. बिरोबाच्या जत्रेला सगळा गाव आणि रानातल्या मेंढरांच्या वाड्यावरची माणसं जमतात. जेवणाच्या आधी तू किंवा जोतिबानं तो वाचून दाखवा. त्यात आईचं नाव नाही. माझं आहे. बेदाणे माझ्या सांगण्यावरून घातले, आणि मीच नळ्या तोडायला लावल्या. एवढंच आहे.

राणी इथं रात्री माझ्या बुटांवर झोपते. राजवर्धन हाकलत नाही.

धनाजी

•

मळा, आटपाडी,
२८ एप्रिल २०२४

अहो,

जत्रा झाली. तुमचा कागद पिशवीतच राहिला. का ते सांगते.

जेवणाला यंदा शिरा होता. आपल्याकडं शिरा म्हणजे त्यात बेदाणे आलेच. वाड्यावरची माणसं आली होती, त्यांची कुत्रीही आलेली. उन्हाचा मांडवात जीव नकोसा झाला होता. पहिली पंगत उठली आणि पत्रावळ्या देवळामागच्या खड्ड्यात टाकायला लागले. कुत्री तिकडं धावली. मी वाढत होते, तेवढ्यात आरडाओरडा ऐकू आला.

आप्पासोकाका खड्ड्याच्या काठावर काठी घेऊन उभे होते आणि कुत्र्यांना हाकलत होते. मारत नव्हते. जमिनीवर काठी आपटायचे, एक पळालं की दुसऱ्याकडं वळायचे. दम लागला होता त्यांना, टोपी पडलेली. आणि सगळी माणसं बघत उभी. कोणीतरी म्हणालं, “बघा, देवाच्या दारातबी कुत्र्याचं वैर सोडंना.” दुसरा हसला. वाड्यावरचा एक म्हातारा पुढं झाला आणि काकांची काठी धरली. माझ्या कुत्र्याला हात लावायचा न्हाई, म्हणाला. काका म्हणत होते, “आरं, खाऊ दिऊ नका, त्यात बेदाणं हायत.” ते कोणाच्या कानापर्यंत जातच नव्हतं.

मी पिशवीत कागद शोधत होते. सापडेना. तेवढ्यात आई माझ्या शेजारून गेल्या. बायकांच्या पंगतीतून उठल्या होत्या, हात खरकटाच. गर्दीतून सरळ काठापर्यंत गेल्या. त्या म्हाताऱ्याला म्हणाल्या, “सोड त्याची काठी.” त्यानं सोडली.

मग त्या सगळ्यांकडं तोंड करून बोलल्या. मोठ्यानं नाही, पण लोक गप्प झाले होते. “माजं कुत्रं ह्यानं मारलं न्हाई. मी मारलं. रोज मूठभर बेदाणं घातलं, माज्या हातानं, मायेनं घातलं. कुत्र्याला ते विषच आसतंय, मला ठावं न्हवतं. डॉक्टरनं सांगितलं. ह्यानं त्याला वाचवायला लय येरझाऱ्या घातल्या. आन मी ह्याला बांधावर उभी राहून शिव्या दिल्या. तुमी समद्यांनी ऐकल्या, आता हेबी ऐका.”

मला वाटलं आई आता रडतील किंवा खाली बसतील. त्या बसल्या नाहीत. शेजारच्या मांडवाला टेकवलेला एक बांबू उचलला आणि खड्ड्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. काका त्यांच्याकडं बघतच राहिले.

“वयनी, तुमी बसा. ऊन हाय,” ते म्हणाले.

“तुमी तिकडचं बघा भावजी,” आई म्हणाल्या. “ते काळं कुत्रं आलंय बघा.”

पंगती संपेपर्यंत दोघं तसेच उभे होते. जोतिबाभावजींनी ट्रॅक्टर आणला आणि मग सगळ्या पत्रावळ्या मातीखाली घातल्या. तो वाड्यावरचा म्हातारा शेवटी माझ्याकडं आला आणि हळूच विचारलं, आणखी काय काय चालत न्हाई? मी सांगत गेले, तो मान हलवत गेला. मग आणखी दोघं येऊन उभी राहिली.

घरी आल्यावर आई पोटभर जेवल्या. कितीतरी महिन्यांनी.

तुमचा कागद मी जपून ठेवलाय. जे त्यात लिहिलंय ते तुम्ही काकांना तोंडानं सांगा. पुढच्या सुट्टीत. मी शेजारी उभी राहीन, पण बोलायचं तुम्ही.

पल्लवी